बाबांच्या सायकलची किल्ली

ओलू (फिनलंड),
१२ नोव्हेंबर १९७२

चि. सत्यशीलास तात्यारावचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तात्पुरती का होईना, तुला शाळेत मास्तरकी लागली हे वाचून फार आनंद झाला. आपल्या घरातली तू पहिलीच मास्तरीण. परत आल्यावर मलाही अंगठे धरून उभं करशील की काय, एवढंच भय आहे. बाबा असते तर रेल्वेच्या सगळ्या गँगला पेढे वाटून आले असते.

आईनं विचारलंय की एवढ्या बर्फात माणूस जगतं कसं. तिला सांग, सायकलवर जगतं. थट्टा नाही. गाव समुद्रकाठचं, वारा असा की कान जागेवर आहेत का हे चाचपून बघावं लागतं, आणि तरी सगळं गाव सायकलवर. पोस्टमन, शाळेची पोरं, पाद्री, दिवस गेलेल्या बायासुद्धा. माझी घरमालकीण आयनोबाई अडुसष्ट वर्षांची आहे, ती रोज सकाळी सीटवरचा बर्फ हातानं झाडते आणि दूध आणायला निघते. तिचीच एक जुनी सायकल तिनं मला दिली आहे. पहिल्या आठवड्यात मी पाचदा आपटलो. ब्रेक एकदम दाबायचा नाही आणि भ्यायचं नाही, एवढंच यातलं शास्त्र. दारच्या पायऱ्यांवर आयनोबाई चुलीतली राख टाकते, म्हणजे पाय घसरत नाही. कुलूपसुद्धा गोठतं, किल्ली मुठीत धरून फुंकरीनं गरम करावी लागते. रस्त्यात बर्फ फार साचला की ट्रकमध्ये भरून समुद्रात टाकून येतात.

बाबांच्या सायकलच्या किल्लीचं तू विचारलंस. मी निघताना कुलूप लावलं आणि किल्ली आईच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. लुगड्यांच्या खाली नीट बघ. पण एवढी घाई कसली? सायकल कुठं पळून जात नाही. तू आधी शाळेचं बघ.

कागद बनवण्याचं शिक्षण ठीक चाललं आहे. लोभ असू दे.

तुझा,
तात्याराव

•

देवगाव फाट्याजवळची वस्ती,
जि. परभणी
२८ नोव्हेंबर १९७२

ती. दादास सत्यशीलाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तू पाचदा पडलास यावर तिनं डोळ्याला पदर लावला, आणि आयनोबाई या वयात सायकल चालवते यावर तो पदर तोंडाला लावून हसली. तिचं म्हणणं, त्या म्हातारीला लेकीसुना न्हाईत का काय. मी सांगितलं की असतील, पण त्याही सायकलवर असतील.

दादा, तुला कळवायचं नाही असं आईनं बजावलं होतं, पण मला राहवत नाही. यंदा पाऊस झालाच नाही. वस्तीचा आड दिवाळीआधीच आटला. गावातल्या विहिरीला थोडं पाणी आहे, पण तिथं अजून आपण हात लावायचा नाही, कुणी वरून ओतलं तर घागर पुढं करायची. आई म्हणते, त्यापेक्षा फाट्यावरची सरकारी विहीर बरी. ती कोसभर लांब, आणि माझी शाळा उलट्या दिशेला दोन कोस. पहाटे मी दोन खेपा करते, मग धावत शाळेला जाते. उरलेल्या खेपा आई करते. म्हणून किल्ली मागितली होती, मिरवायला नाही. सायकल असती तर दोन घागरी कॅरियरला बांधून एका खेपेत काम झालं असतं. खळ्यावर मी जेवढी शिकले होते तेवढी पुरे आहे.

पेटी तीनदा रिकामी केली. लुगडी झटकली, तळाचा कागदही काढला. किल्ली नाही. नीट आठवून कळव.

एक सांगते. तो बर्फ ट्रकनं समुद्रात टाकतात हे तू लिहिलंस ना, ती ओळ मी आईला वाचून दाखवली नाही. गिळली.

मफलर बांधत जा. आयनोबाईंना माझा जयभीम सांग. लोभ आहेच.

तुझी,
सत्यशीला

•

ओलू,
१३ डिसेंबर १९७२

चि. सत्यशीलास सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. इथं नळ सोडला की पाणी, आणि दाराबाहेर तेच पाणी मांडीइतकं साचून राहिलेलं. काल सकाळी कॉलेजला जाताना त्यावरून चाक फिरत होतं, आणि मला उतरून चालावंसं वाटलं.

किल्लीचं म्हणशील तर मला तरी पेटीच आठवते. निघायच्या गडबडीत इकडंतिकडं झाली असेल. तू असं कर, सायकल उचलून आश्रुबाच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात ने आणि कुलूप तोडून टाक. छन्नीचा एक घाव, बास.

आईला फार चालू देऊ नकोस. पत्र लहान आहे, रागावू नकोस. इथं दोन वाजता दिवस मावळतो आणि मन लागत नाही.

तुझा,
तात्याराव

•

देवगाव फाट्याजवळची वस्ती,
३० डिसेंबर १९७२

ती. दादास सप्रेम जयभीम, वि. वि.

वाईट बातमी आधी सांगते. रविवारी फाट्यावरून येताना आई ठेचाळली. घागर फुटली आणि उजवा हात मनगटात मोडला. परभणीला नेऊन प्लास्टर घातलं आहे. दीड महिना हात हलवायचा नाही. घाबरू नकोस, जेवते, झोपते, आणि मला डाव्या हातानं चापट मारण्याइतकी बरी आहे.

आता सगळ्या खेपा माझ्या. शाळेत तीनदा उशीर झाला. हेडगुरुजी माणूस वाईट नाही, पण त्यांनी सांगून टाकलं की आणखी एकदा उशीर झाला तर ही जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, वाट बघणारे पुष्कळ आहेत. दादा, मला पोरं बाई म्हणतात. आपल्या वस्तीतली सहा पोरं पुढच्या ओळीत बसतात. ही जागा मला सोडायची नाही.

कुलूप तोडायचं मी आईला विचारलं. ऐकत नाही. लेक साता समुद्रापल्याड, आणि त्याच्या हातचं कुलूप मागं तोडायचं, हे तिच्यानं होत नाही. मी म्हटलं, छप्पन साली देव पाण्यात सोडलेस तेव्हा हेही सोडायचं होतंस. तर म्हणे, देवाचं येगळं, लेकराचं येगळं. आश्रुबा तर छन्नी घेऊन दारात आला होता. आई सायकलच्या आडवी बसली.

आणि दुसरं. तिनं मनात धरलंय की किल्ली तिच्याच हातून गेली, पेटी झाडताना केरात पडली असणार. रोज दुपारी उकिरड्यापाशी बसून डाव्या हातानं राख चाळते. शेजारची सरजाबाई समजावून दमली. काल मला म्हणाली, तुझ्या बापाची वस्तू मला सांभाळता आली न्हाई. मला ते बघवत नाही. तुला काही आठवत असेल तर लगेच लिही.

तुझी,
सत्यशीला

•

ओलू,
१४ जानेवारी १९७३

चि. सत्यशीलास,

जयभीम लिहायलाही आज हात धजत नाही.

किल्ली माझ्याजवळ आहे. पहिल्यापासून आहे. पेटीत मी ती कधी ठेवलीच नव्हती. सोबत पुठ्ठ्यात गुंडाळून पाठवतो आहे.

का, ते सांगतो. मी निघायच्या आदल्या दिवशी तू खळ्यावर सायकल शिकत होतीस. साडी खोचलेली, दोनदा पडलीस, पुन्हा चढलीस. पाराशी चारपाच पोरं हसत होती. मला त्यांचा राग यायला हवा होता. मला तुझा राग आला. चौदा एप्रिलला स्टेजवर उभा राहून मुलींच्या शिक्षणावर तासभर बोलणारा मी, आणि बहीण सायकलवर बसली की मान खाली घालणाराही मीच. रात्री कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि तुम्हाला पेटी सांगितली. मनाला म्हटलं, बाबांची वस्तू आहे, खराब होईल. ते खोटं होतं.

इथल्या सायकलची किल्ली आणि ती किल्ली एकाच जुडग्यात आहेत. सकाळी नऊलाही अंधार असतो. बर्फात उभं राहून मी किल्ली फुंकून गरम करतो आणि ती कुलपात जात नाही, तेव्हा कळतं की ही बाबांची. आठवड्यातून दोनदा तरी असं होतं. तुझी पत्रं आल्यावरही मी ती पुन्हा खिशात टाकत राहिलो, आणि कुलूप तोड म्हणून लिहिलं, कारण खरं लिहिण्यापेक्षा ते सोपं होतं.

परवा आयनोबाईनं ही दुसरी किल्ली कशाची म्हणून विचारलं. माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत मी सांगितलं की गावी वडिलांची सायकल आहे, तिची. तिनं साधं विचारलं की मग तिकडं ती चालवतं कोण. मी किल्ली मुठीत मिटली. ती दुधाची किटली हँडलला अडकवून निघून गेली. त्याच संध्याकाळी तुझं पत्र आलं.

आई राख चाळते आहे, ही ओळ मी वाचली आणि तिथंच बसलो. माझ्या आईचा हात मी मोडला. तिला हे पत्र पूर्ण वाचून दाखव, काही लपवू नकोस. तुझी जागा राहिली का, ते कळव. माफी मागायची लाज वाटते, तरी मागतो.

तुझा अपराधी,
तात्याराव

•

देवगाव फाट्याजवळची वस्ती,
६ फेब्रुवारी १९७३

ती. दादास सत्यशीलाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं रजिस्टर पत्र गुरुवारी, एक तारखेला आलं. माझी जागा त्याआधी तीन दिवस, सोमवारी गेली. चौथ्यांदा उशीर झाला. हजेरी घेऊन मी पोरांना पाढे दिले आणि निघाले. पुढच्या ओळीतली सहाही पोरं फाटकापर्यंत आली होती. हे तुला लिहू नये असं एकदा वाटलं. मग वाटलं, का लिहू नये?

पाकीट आईनंच हातात घेतलं. वरूनच बोटांनी चाचपलं आणि खाली बसली. मी पत्र वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, या वेळी एकही ओळ गिळली नाही. मला वाटलं, रडेल, नाहीतर तुला शिव्या देईल. ती एवढंच म्हणाली की, म्हंजी म्या न्हाई हरवली. मग उठली, प्लास्टरचा हात छातीशी धरून सरजाबाईच्या दारात गेली, तिथून पुढच्या दारात, आणि सबंध वस्तीत सांगून आली की किल्ली तिच्या हातून गेली नव्हती, लेकापाशी नीट होती. त्या दिवसापासून ती उकिरड्याकडे गेलेली नाही.

माफीचं म्हणशील तर आईकडं तुझं काही राहिलेलं नाही. माझं राहिलं आहे. मी माफ केलं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आपल्या घरात तेवढं एक खोटं पुष्कळ झालं. वेळ लागेल.

सायकल चालते. कुलूप उघडलं, आणि लगेच आश्रुबाकडून ते काढूनच घेतलं. आता ती रात्रंदिवस सरजाबाईच्या दाराशी उघडीच उभी असते, कारण पाच घरांचं पाणी तिच्यावर येतं. सरजाबाईची सून शिकते आहे. पाराशी पोरं हसतात, पण घागर रिकामी असली की त्यांच्याही आया मला हाक मारतात. जूनमध्ये पलीकडच्या गावी एक जागा निघेल असं हेडगुरुजींनीच निरोप पाठवून कळवलं आहे. मिळेल तेव्हा खरं.

किल्ली परत पाठवते आहे. सायकलला कुलूपच नाही, तेव्हा इथं तिचं काम उरलं नाही. तुझ्या जुडग्यात राहू दे.

लोभ आहे. वाढवायचं काम आता तुझ्याकडं.

तुझी बहीण,
सत्यशीला

ता. क. : आईचा निरोप लिहायचा राहिला. पत्र मिटत होते तर हात धरून पुन्हा उघडायला लावलं. आयनोबाईला सांग म्हणते, दारच्या पायऱ्यांवर राख दोन मुठी जास्त टाक म्हणावं, माझं लेकरू घाईत उतरतंय.