मसोलीच्या वळणावर

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या लग्नाआधी, माझी कॉन्व्हेंट शाळा सुटायच्या वेळी अनंत मसोलीच्या वळणावर सायकल धरून उभा असायचा. तो वारल्यावरही तिथून जाताना माझी छाती धडधडायची. हृदयाच्या ठोक्यांसाठी गोळी सुरू झाली आणि ते वळण गप्पच झालं. मी त्याला विसरत तर नाही ना चालले?

डॉक्टर भाचीला फोन केला.

"मावशी, छातीतली धडधड मेंदूला कळते, म्हणून हुरहूर वाढते. गोळीने धडधड कमी झाली, काका नाही."

"मग एक दिवस चुकवू का गोळी?"

"या वयात मार खाशील माझा."

गोळी घेतली आणि मुद्दाम चालत वळणावर जाऊन थांबले. छाती शांतच होती. हात मात्र आपोआप केस सारखे करायला वर गेला.