नातवाचं दाट रक्त

बाळा,

अनेक आशीर्वाद. मी सांगतेय, तुझा मुलगा लिहितोय. तू त्याला अजून मुलगीच म्हणतोस आणि दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाहीस, ते असो.

तो पुरुषाच्या हार्मोनची इंजेक्शनं घेतो, त्याने रक्त दाट होतं. डॉक्टरीणबाईंनी मधूनमधून रक्तदान करायला सांगितलं. मला वाटलं, पिशवीभर रक्त गेलं, आता पोर वाळणार! रोज बीट, खजूर, गूळ चारला. पुढच्या तपासणीत रक्त पुन्हा दाट. बाई म्हणाल्या, "आजी, आम्ही काढतोय आणि तुम्ही भरताय!" आपल्या घराण्यात रक्त जास्त झालेलं कधी ऐकलं होतंस?

रक्त दिलं की त्याला घेरी येते. मी हात धरून शेजारी बसते. पण आता माझे गुडघे रक्तपेढीचा जिना चढत नाहीत. येत्या मंगळवारी त्याच्याजवळ तू बस, बाबा.

"आजी, हे पाठवायचं नाही," म्हणतोय. बरं, नाही पाठवत. ती मंगळवारची ओळ त्याने खोडली असेल म्हणून त्याच्याकडून वाचून घेतली, तर त्यातला 'बाबा' मी सांगितलेलाच नव्हता, मी तर तुला बाळाच म्हणते. लबाडाने पदरचा घातलाय.

तुझी, अंगठा उमटवून,
आई