बरडावरची रोजमेरी

बाबा, परवा थोरल्या भावाने चारचौघांत सांगितलं, की तुमची नजर फार लांबची होती, म्हणूनच तुम्ही मला बरड दिलं. नागपूरहून एका हॉटेलचे लोक माझी रोजमेरीची रोपं बघायला आले होते. त्यांच्यासमोर, माझ्याच बांधावर उभा राहून तो म्हणाला, "बाबायले माहीत होतं, इथं असंच काहीतरी पिकन." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुणे होते म्हणून चहा ओतत राहिले. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. भांडायचं तर आता हा कागदच आहे, आणि तो कुठे पाठवायचीही सोय नाही.

तुमची नजर कुठवर जायची ते मला विचारा. विहिरीजवळची काळी जमीन आणि संत्र्याचा बगीचा दोन्ही मुलांना, आणि रामाकोना गावाकडची मुरमाड बरड जमीन मला. तिथे तूरसुद्धा गुडघ्याच्या वर जात नव्हती. पटवाऱ्यासमोर तुम्ही म्हणालात, "पोरगी तं सासरी हाये, तिले कायले लागते वावर? नावाले राहू द्या." तुम्ही हसत होता. पटवारीही हसला.

बगीचा मला का नाही, तेही ठाऊक आहे. मी दहा वर्षांची असेन. बहर फुटावा म्हणून तुम्ही झाडांना ताण दिला होता, पाणी बंद केलं होतं. पानं माना टाकायला लागली आणि मला ते बघवेना. तुम्ही पांढुर्ण्याच्या बाजाराला गेलात तशी मी बादल्या भरभरून चार झाडांना पाणी घातलं. संध्याकाळी तुम्ही अंगणात उभे आहात, डोक्यावरची टोपी हातात, आणि ओरडता आहात, "मी ताण देऊन राहिलो, अन् तू पाणी पाजून राहिली! या पोरीले बगीच्यात पाय ठेवू देऊ नका." चार झाडांचा बहर गेला, मान्य. पण थोरल्याने औषध जास्त फवारून अख्खी ओळ जाळली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "शिकन हळूहळू." मला शिकायची संधीच दिली नाहीत. ताण किती दिवस द्यायचा, पान कसं दिसलं की पुन्हा पाणी सोडायचं, हे सगळं मी कुंपणाबाहेरून बघितलं.

रोजमेरी आणली माझ्या लेकीने. ती नागपुरात हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते. तिथे हा वासाचा पाला लागतो आणि दुरून मागवावा लागतो. मीही संत्रेवाल्यांच्याच घरातली. प्रत्येक रोपाला गोल आळं केलं, घमेलं घमेलं शेणखत घातलं, रोज पाणी दिलं. पावसाळ्यात मुळं कुजली, फांद्या काळ्या पडल्या. लेक हसली नाही. मेलेलं रोप उपटून हातात धरून म्हणाली, "आई, लाड नको करू याचे. समुद्राकाठच्या खडकाळ टेकड्यांवरचं झाड हाये हे. उपाशीच बरं राहते." मग मी आळी मोडली, मुरमाचे उंचवटे केले, खत बंद केलं. पाणी तोडलं तशी मला तुमची बाग आठवली आणि संताप संताप झाला. पण रोपं जगली. आता जोडीला थाइम आहे, ओरेगॅनो आहे, तसलाच वासाचा पाला, बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत. पान बोटात चुरडलं की हात दिवसभर घमघमतो. सौंसरहून बसने माल नागपूरला जातो.

हे सगळं तुमच्यामुळे झालेलं नाही. तुम्ही मला उरलंसुरलं दिलंत. त्यालाच आता दूरदृष्टी म्हणायचं, हे मी चालू देणार नाही. भावाला तोंडावर सांगणार आहे, की लेकीच्या जातीला वाटा द्यायची बाबांची दानत नव्हती.

इथेच थांबायला हवं होतं. पण आज सकाळी सुटीवर आलेली लेक रोपं छाटत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आई, तुझ्यानंतर हे कोणाच्या नावानं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "तुह्या दादाले विचारू दे आधी." तिचा दादा भोपाळला नोकरी करतो. या बरडावर तो दोनदा आला असेल, तेही चपला खराब होतात म्हणून कुरकुरत. लेकीने पुढची फांदी धरली आणि छाटत राहिली.

भावाला मी अजून काही बोललेले नाही. कोणत्या तोंडाने बोलू, बाबा?