स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला

बाबा,

दुरूनच तुमच्या हाताचं चुंबन घेतो. मी बरा आहे. दर शुक्रवारी जेवायला कुसकुस मिळतो. आईची कंबर आता कशी आहे?

तांब्याची भांडी ठोकणं सोडून मी कासाब्लांकाला मोटारदुरुस्ती शिकायला निघालो, तेव्हा तुम्ही आठवडाभर बोलला नाहीत. आता खूश व्हा.

इथले उस्ताद बूअज्जा चालू इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि बिघाड सांगतात. काल मला ओरडून म्हणाले, "सांग रे तांबटा, कुठे खडखडतंय?" मला काहीच ऐकू येईना. "अरे, इंजिन आहे ते, कबर नाही!" सगळे हसले. आता मला नुसते टायर काढायला ठेवलंय.

लहानपणी दुकानात मी कानात कापूस घातला, तर तुम्ही तो उपटून फेकलात. म्हणालात, "तांबं कानाने घडवतात. कापूस घालणारा कसला तांबट!" तांबट मी झालो नाही, बाबा, पण कान तुमच्याच दुकानात गेले.

आई विचारत असेल, पोरगा फोन का करत नाही. कामात असतो म्हणून सांगा. तिचं बोलणं मला फोनवर कळेनासं झालंय, हे मात्र तिला सांगू नका.

तुमचाच,
अब्देलहक