‘जिन’ या क्रियापदाचं मूळ आणि अकोटचं ऊन

२ डिसेंबर, सकाळी ७. अमरावती.
अकोटहून विपुलचा फोन. दिराचा मुलगा, जिनिंग आता तोच बघतो. तुर्कस्तानचा व्यापारी, सेदात बे, अकरा तारखेला रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, बघायला येणार. विपुलची पहिली परदेशी ऑर्डर होऊ शकते. “मोठीमाय, तुमी या. इंग्लिशमंदी दोन शब्द बोलजा,” म्हणाला. दोन शब्द! मी बी.ए. इंग्लिश, १९७८.
संकल्प: ‘टू जिन’ या क्रियापदावर सविस्तर भाषण. पिढ्या जिनिंगमध्ये गेल्या, शब्दाची चौकशी कोणी केली नाही.

३ डिसेंबर.
मोठा कोश काढला. कापसातून सरकी वेगळी करणे म्हणजे ‘टू जिन’. हे ‘एंजिन’चं उरलेलं शेपूट. एंजिन जुन्या फ्रेंचमधून आलं, त्याच्या आधी लॅटिन ‘इन्जेनियम’, म्हणजे उपजत बुद्धी. आपल्या यंत्राच्या पोटात लॅटिन बुद्धी! ह्यांना सांगितलं. म्हणाले, “बुद्धी असू दे, वरण करपून राहिलं.” करपलंच. ह्यांनी आधी सांगायला हवं होतं.

५ डिसेंबर.
तुर्की. तीन शब्द सापडले: चिर्चिरलामाक, हे थेट जिनिंगचं, आयिरमाक, वेगळं करणे, आयिक्लामाक, निवडणे, आपण तांदूळ निवडतो तसं. विपुलची बायको आचल म्हणते, मराठीत बोललं की फोन आपोआप तुर्की बोलतो. फोनला उच्चार काय कळणार? रोज शंभर वेळा म्हणायचं ठरवलं. आज बावीस झाले. शेजारच्या पार्बताबाई भिंतीवरून म्हणाल्या, “काहून वो, घशात काटा अडकला काय?”

८ डिसेंबर.
भाषण अठरा पानं. विपुलचा फोन. “मोठीमाय, पाच मिनिटं बस झाले. त्याले रुई उनातच पाहा लागते. लाइटमंदी रंग समजत नाही. चारच्या आत झालं पाहिजे.” तिसऱ्यांदा तेच. पाहुणा तीनला येणार, वेळ भरपूर आहे. पोराला घाबरायची सवय.

१० डिसेंबर.
भाषण कापायला बसले. एक उदाहरण काढलं, त्या जागी दोन चांगली सुचली. एकवीस पानं.

११ डिसेंबर, संध्याकाळ. अकोट.
यशस्वी.
हार, चहा, पोहे. तीन वीसला उभी राहिले. ऊन कागदावर येत होतं म्हणून पडदा ओढायला लावला. पाहुणा भारावला होता. सारखा पडद्याकडे बघत होता. विचारात पडलेली माणसं अशीच कुठेतरी बघतात. विपुल मागे उभा राहून मनगटावर बोट आपटत होता. उत्साह. मध्येच पाहुणा आचलच्या फोनमध्ये काहीतरी बोलला. फोन मराठीत म्हणाला, कापूस आज दिसेल का? मी इंग्रजीत सांगितलं, धीर धरा, आधी लॅटिन. चिर्चिरलामाकला त्याने दोन्ही हात जोडले.
पावणेसहाला संपलं. बाहेर अंधारून आलं होतं. विपुलने सगळ्या ट्यूब लावल्या. पाहुण्याने रुईचा पुंजका उचलला, ट्यूबखाली धरला, परत ठेवला. त्याला नागपूरला विमान गाठायचं होतं. माल नीट न बघताच गेला. विश्वासू माणूस.

१६ डिसेंबर.
पाहुण्याची मेल आली. विपुलने फोनवर वाचून दाखवली. ऑर्डर दुसऱ्या जिनिंगला. तिथली रुई त्याने अकरा तारखेलाच, आपल्याकडे यायच्या आधी, दुपारच्या उनात बघितली होती. मी विचारलं, तिथे इंग्रजी कोण बोललं?  विपुलच्या हातून दीर, महादेवराव, यांनी फोन घेतला. “वहिनी, पोरगं दोन वर्षं त्या माणसाच्या मागं लागून होतं.”
पाहुण्याचंच इंग्रजी कच्चं असावं. मेलमध्ये दोन चुका होत्या.

९ जानेवारी.
सेदात बे वीस तारखेला पुन्हा येतोय. विपुलनेच विनवण्या करून बोलावलं. शेवटची संधी, असं आचलने सांगितलं. विपुलने मला कळवलंही नव्हतं. घाईत विसरला असेल.
संकल्प: आटोपशीर भाषण. फ्रेंच गाळायचं. नऊ पानं.

१७ जानेवारी, दुपारी ४.
विपुल स्वतः अमरावतीला आला. चहा घेतला. बशीतलं बिस्किट तसंच. म्हणाला, “मोठीमाय, वीस तारखेले तुमी अन् मोठेबाबा रिद्धपूरले दर्शनाले जाऊन या. गाडी मी धाडतो.” मी म्हटलं, अरे, वीसलाच तर तो येतोय. भाषण?
खाली बघत राहिला. मग म्हणाला, “नोका करू.”
ह्याच टेबलावर मी त्याला ए-बी-सी-डी शिकवली. पट्टी घेऊन. तेव्हाही रडताना असाच खाली बघायचा.
जाते म्हटलं.

२० जानेवारी, दुपारी १. रिद्धपूर.
दर्शन झालं. गर्दी नव्हती. हे बाहेर बाकावर केळी सोलत बसले होते.
बाराला विपुलचा फोन. ऑर्डर मिळाली. आवाज ओळखू येईना, इतका ओरडत होता. मागे महादेवरावही ओरडत होते. मी विचारलं, किती वेळ लागला?
“अकरा मिनिटं, मोठीमाय! पुंजका घेतला, अंगणात उनात धरला, बोटानं ओढून पाह्यला, अन् मान हलवली.”
बोललं कोण?
“कोणीच नाही.”
ह्यांनी विचारलं, काय म्हणतो विपुल. मी म्हटलं, केळ द्या.