श्री. व्होकलेर यांनी माझ्याशी हस्तांदोलन बंद केल्याबाबत

कॉव्हेंट्री,
दि. १४ नोव्हेंबर २००७

प्रति,
मा. श्री. कमलाकर निजसुरे,
कर्मचारी कल्याण अधिकारी,
आर्डन म्युच्युअल बँक, मुख्य कार्यालय, कॉव्हेंट्री.

विषय : मुख्याधिकारी श्री. एतिएन व्होकलेर यांचा माझ्याविषयीचा गैरसमज दूर करून माझी नोकरी व वर्क परमिट वाचवण्याबाबत.

संदर्भ : "काही लागलं तर हक्काने सांगा", हे परवा दिवाळीच्या फराळाला आपण दिलेले तोंडी आश्वासन.

महोदय,

वरील विषयास अनुसरून मी, सौ. सुनीती स्वानंद घैसास, गृहकर्ज विभाग, सविनय कळवते की, हा अर्ज मी मुद्दाम मराठीत करत आहे. इंग्रजीतला प्रत्येक कागद हल्ली आधी श्री. व्होकलेर यांच्या टेबलावर जातो. सतीश हुपरीकर नोकरी सोडून गेल्यापासून इमारतीत मराठी वाचणारे आपण दोघेच उरलो आहोत.

१. श्री. व्होकलेर यांची कारकीर्द आपणांस ठाऊक आहेच, तरी नोंदीसाठी लिहिते. ते मूळचे फ्रान्सच्या सरकारी सेवेतले. आपल्याकडच्या प्रांताधिकाऱ्यासारखे एका जिल्ह्यात होते, पुढे अर्थखात्यात गेले, तिथून तिकडच्या एका म्युच्युअल बँकेत मोठ्या पदावर, आणि मागच्या वर्षी आपल्या इथे. स्वागताच्या जेवणाला त्यांनी हे सगळे स्वतःच रंगवून सांगितले होते. त्यांच्या काळात जिल्ह्यातले प्रसूतिगृह बंद झाले, मग पोस्ट ऑफिसे, मग बँकेच्या खेड्यापाड्यांतल्या शाखा. एवढे करूनही आपण आयुष्यात एकाही माणसाला कामावरून काढलेले नाही, असे सांगून ते गोड हसले. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि आज त्याची चीड येते.

२. म्युच्युअल बँक म्हणजे सभासदांची बँक, इथे सगळे सारखे, म्हणून ते रोज सकाळी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन हात मिळवतात. सफाईवाल्या बाईंनासुद्धा सोडत नाहीत. आपल्याला त्याचे केवढे कौतुक! मग एके दिवशी रिसेप्शनच्या मार्गारेटचा हात त्यांनी घेतला नाही. पुढे तिला बैठकांना बोलावणे येईना, तिचा फोन दुसरीकडे जोडला गेला, आणि एका शुक्रवारी तिने आपण होऊन राजीनामा दिला. सतीशरावांचे तेच झाले. एवढा खमका माणूस, पण शेवटी जिन्यात माझ्यासमोर रडला हो. काढले कोणालाच नाही, हे खरेच आहे.

३. आता माझी हकीकत. गेल्या आठवड्यात साहेबांची लंडनहून येणारी ट्रेन लेट झाली आणि ते ऐन जेवणाच्या वेळी फेरीला निघाले. मी टेबलाशी थालीपीठ-लोणी खात होते, अर्थात हातानेच. समोर अचानक त्यांचा हात! माझा उजवा हात उष्टा. उष्टा हात कोणाला देऊ नये, आणि डावा तर मुळीच देऊ नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेले. मी गडबडले आणि हात पदराआड घ्यावा तसा टेबलाखाली घेतला. त्यांचा हात तसाच राहिला. सगळ्यांनी पाहिले. लोक हात दाखवून अवलक्षण करून घेतात, मी लपवून करून घेतले!

४. तेव्हापासून ते माझ्या टेबलावरून पुढे जातात. मी लिफ्टपाशी हात स्वच्छ धुऊन उभी राहिले, तर त्यांनी छत्री उजव्या हातात घेतली. काल विभागाची बैठक होती, मला कळवलेच नाही. महोदय, माझे वर्क परमिट या नोकरीवर आहे. स्वानंदचा व्हिसा माझ्यावर आहे. मुलगी वरदा दहावीच्या वर्षाला आहे, तिच्या जीसीएसईच्या परीक्षा तोंडावर आहेत. तिला अर्ध्यातून उचलून पुण्याला कशी नेऊ? मला भीती वाटते. रात्री झोप लागत नाही.

५. तरी विनंती की, आपण साहेबांना उष्टे म्हणजे काय ते नीट समजावून सांगावे. त्यांना पटत नसल्यास मी हातमोजे घालून हात मिळवण्यास तयार आहे. तेही नको असल्यास त्यांनी लांबून नुसती मान हलवावी. जेवणाचा डबा मी कालपासून बंद केला आहे. काट्याचमच्याने सँडविच खाते, लोक हसतात, हसोत बापडे.

६. वरील मजकूर मी दुपारी लिहून पुरा केला होता व आपल्याकडे देण्यास आले होते. आपल्या काचेच्या केबिनबाहेर थांबले, कारण आत साहेब होते. आपण उठलात आणि हात पुढे केलात. ते आपल्यामागच्या खिडकीकडे बघत दोन वाक्ये बोलले आणि निघून गेले. आपण त्याच हाताने चष्मा सारखा केलात. मला पाहिले नसावे.

निजसुरेसाहेब, आपला हात तर स्वच्छ होता.

सबब कलम ५ मधील विनंती मी मागे घेत आहे. आता हा अर्ज मी कोणाकडे द्यावा, एवढेच कृपया सांगावे.

आपल्या केबिनबाहेर उभी असलेली,
सौ. सुनीती स्वानंद घैसास
(सही)

सोबत : वर्क परमिटची झेरॉक्स प्रत.