एकसष्टाव्या वर्षी विहिरीत

७ एप्रिल, सोमवार
शेतीची लाईट पाचला गेली. तरी मोटारीचा मेन स्विच पाडला, दोनदा बघितला. मग विहिरीत उतरले. पाठीला तेलाचे दोन रिकामे क्यान बांधलेले, झाकणं गच्च. माझे भाऊ असेच शिकले होते, मी काठावर त्यांचे कपडे धरून उभी असायचे. पोरीला कशाला पोहणं, असं आईच म्हणायची. आता म्हणायला कोणी नाही, एवढी एक सोय.
मोटारीचा दोर काही हातातून सुटला नाही. नुसते पाय मारले. नाकातोंडात पाणी. एकदम मोठ्यांदा हसू आलं आणि विहिरीनं ते मलाच परत ऐकवलं. दचकले.
एकसष्टीला ही थेरं. हे असते तर... असते तर उतरलेच नसते, खरं तर.

९ एप्रिल, बुधवार
दोर सोडला! चार हात मारले, पलीकडचा दगड लागला.
कोणाला तरी सांगावंसं वाटलं. महेशला पुण्याला फोन लावला. मीटिंगमध्ये होता. "आई, अर्जंट आहे का?" नाही म्हटलं. अर्जंट नव्हतंच.
म्हशीला सांगितलं.

११ एप्रिल, शुक्रवार
बारामती. बी.पी.च्या गोळ्या. मग कपड्यांच्या दुकानात शिरून लेगिंग्ज मागितली. मुलगी म्हणाली, नातीचं माप काय? माझंच माप घे म्हटलं. काळी घेतली, वर ढगळ कुर्ता. येताना एस.टी.त पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले, चोरून आणल्यासारखी.

१३ एप्रिल, रविवार
रविवार म्हणजे महेशचा फोन. गोळ्या, गॅस, गुडघे. सात मिनिटं. शेवटी नेहमीचं, पुण्याला चल. दिवाळीत नऊ दिवस राहिले होते की. सगळे आपापल्या खोलीत, मी हॉलमध्ये. एकटंच राहायचं तर निरवांगीत काय वाईट? इथं निदान विहीर आहे.
पोहण्याचं बोलले नाही. ओरडला असता.
आज एकाच क्यानवर. अंगणवाडीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना सांगितलं, काही होत नाही, मार उडी. काठावरून उडी मारायचीच एकदा. पावसाळ्याआधी.

१६ एप्रिल, बुधवार
बोंब झाली.
काठावर चपला, घडी करून पातळ, त्यावर चष्मा. मी खाली दम धरून बुड्या मारतेय. तेवढ्यात तात्या आले. तात्या म्हणजे ह्यांचे थोरले चुलतभाऊ, विहीर त्यांची-आमची सामाईक. बाईच्या चपला विहिरीच्या काठावर दिसल्या की आमच्याकडं एकच अर्थ. ते आत न बघताच ओरडत माणसं गोळा करायला पळाले; थोड्या वेळानं मी डोकं वर काढलं तर पंधरा माणसं आणि दोर. पोहतेय, पोहतेय म्हणून ओरडले. कोण ऐकतंय? दोघं उतरले, काखेत धरून मला वर काढलं. बायका रडायला लागल्या. एकीनं कांदा फोडून नाकाला लावला. आणि मी सगळ्या गावासमोर ओल्या लेगिंग्जमध्ये. इतकी लाज जन्मात वाटली नव्हती.
तात्या खाली मान घालून उभे. एवढंच म्हणाले, "सुमन, आमी मेलो हुतो का? बोलायचं तरी हुतं."
बोलायचं होतं. कोणाशी? हे जाऊन चौदा महिने झाले. माझ्या ओट्यावर कोण टेकलं होतं?

१७ एप्रिल, गुरुवार
महेश सकाळीच आला. न सांगता, पहिल्यांदाच. त्याला क्यान दाखवले, दोरीच्या गाठी दाखवल्या, सुका टॉवेल दाखवला. जीव द्यायला निघालेली बाई टॉवेल नेते का? तो म्हणाला, डोळ्यात बघून सांग. बघून सांगितलं, पोहायलाच उतरले होते. पटलं नाही त्याला. माझा हात धरून बसून राहिला. बारावीनंतर असा धरला नव्हता. त्याचा जीव टांगणीला आणि मला मात्र बरं वाटत होतं. लाज वाटते लिहायला.
जाताना ठरवून गेला. २७ला इंदापूरचा वेल्डर येणार, विहिरीवर जाळी, जाळीला कुलूप. ते नको असेल तर सामान बांध.
एक इथंच लिहून ठेवते. मार्चमध्ये पहिल्या दिवशी गेले तेव्हा क्यान नव्हते नेले. टॉवेलही नाही. पायरीवर बसून पाण्याकडं बघत होते, किती वेळ कुणास ठाऊक. मग पाय बुडवला. गार लागलं. मनात आलं, पोहता आलं असतं तर... क्यान दुसऱ्या दिवशी शोधले.
हे महेशला कसं सांगणार?

२० एप्रिल, रविवार
तात्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ पाण्याच्या पाळीचं बोलले. मग म्हणाले, "पव्हायचंच हाय न्हवं? मग एकटीनं न्हाय. मी बसतो काठाला."
मी म्हटलं, तुम्ही थोरले दीर, मी ओल्या कपड्यात, बरं दिसेल का?
"मी पाठ करून बसतो. तू आपली बोलत ऱ्हा. आवाज थांबला की वळनार."

२२ एप्रिल, मंगळवार
तात्या टोपी सारखी करून, तोंड उसाकडं. मी पाण्यात, बडबडत. काय बोलायचं? आधी पाढे म्हटले. सतराच्या पाढ्यात अडकले, तर वरून तात्यांनी सांगितलं. मग भाज्यांचे भाव. मग कसं कोण जाणे, ह्यांच्या आजारपणावर आले. शेवटचे अकरा दिवस, दवाखान्यातले. कोणी कधी विचारलंच नव्हतं. पोहता पोहता रडले. तात्या नुसतं "हां... हां..." म्हणत होते. नंतर तेही म्हणेनात.
वर आले तरी ते उसाकडंच बघत होते. "झालं?" "झालं."
आज क्यान नव्हता. घरी आल्यावर लक्षात आलं.

२५ एप्रिल, शुक्रवार
वेल्डरला तात्यांनी सांगितलं, विहीर सामाईक हाय, मला इचारा. महेशचा त्यांना फोन. दोघांचं चांगलंच वाजलं. उद्या काही झालं तर माझी आई तुम्ही परत आणून देणार का, असं विचारलं म्हणे त्यानं. तात्या आज काठावर आले नाहीत. मीही गेले नाही. दिवस जाता जाईना.

२७ एप्रिल, रविवार
तरी महेशनं वेल्डरला आणलंच, टेप घेऊन. महेश, तात्या, सगळे विहिरीवर. मी स्विच पाडला, पातळ सोडून घडी घातली, खाली काळी लेगिंग्ज. काठावर गेले. महेशनं दंड धरला. "आई, नको."
"सोड. बघ नुसतं."
तात्यांनी पाठ केली. त्यानं दंड सोडला. उडी मारली. कानात पाणी, आणि किती खोल गेले देव जाणे. पाय झाडले. वर आले. फार फार आनंद झाला, दुसरं काही लिहिता येत नाही.
महेश पायऱ्या उतरून अर्ध्यात आला होता, पांढराफटक. म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी खरंच पोहायलाच उतरली होतीस."
हो म्हटलं की जाळी टळत होती. पाण्यात खोटं बोलवेना.
"त्या दिवशी पोहायलाच. मार्चमधे पहिल्यांदा आले तेव्हा नाही."
त्यानं बूट काढले आणि खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसला. मी पोहत राहिले. वरून वेल्डर विचारत होता, माप घेऊ का? त्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.